तिसरी फळी

१

गुरुवारी सकाळी साडेसहाला पाझरवाडीच्या तळ्यावर पोचले आणि बघते तर बेट गायब.

बेट म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. आमच्या मित्रगटाने तीन वर्षांपूर्वी तळ्याच्या मधोमध मुरूम टाकून केलेला, बॅडमिंटनच्या कोर्टाएवढा उंचवटा. पण या एप्रिलात त्यावर शेकाट्यांची नऊ घरटी होती. शेकाट्या म्हणजे काळा-पांढरा, लांब गुलाबी पायांचा पाणपक्षी. उथळ पाण्यात चालतो तोसुद्धा परकर वर धरल्यासारखा. नऊ घरटी, चौतीस अंडी. बुधवारी संध्याकाळी मी स्वतः दुर्बिणीतून मोजली होती. आता तिथे नुसतं पाणी होतं, आणि त्यावर शेकाट्यांची जोडपी घिरट्या घालत नुसती ओरडत होती. ते ओरडणं ऐकवत नव्हतं हो.

पूर्वी नावाची आमची डॉक्टर कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. जनावरांची डॉक्टर, दवाखाना मोशीला, पण आमच्या गटात पहिल्या दिवसापासून. तरंगणारी अंडी ती एकेक करून टोपलीत घेत होती.

"अकरा मिळाली," ती काठावर येत म्हणाली. "बाकीची गेली."

"जिवंत आहेत?"

"आत्ताच मला काही विचारू नका, ताई."

माझं डोकं तडकलं होतं. मी चारुलता. सत्तावीस वर्षं चाकणच्या कारखान्यांत क्वालिटी ऑडिट केलं. माझी गाडी गेटवर दिसली की माणसं हेल्मेट शोधत पळायची, हे मी अभिमानाने सांगत आले. निवृत्तीनंतर हा गट बांधला. तळं गावाचं, त्यात पाणी शेजारच्या गिअरच्या कारखान्याचं, म्हणजे वापरून स्वच्छ केलेलं. मोजणी ताथवड्याच्या कॉलेजची, दवापाणी पूर्वीचं आणि शिस्त माझी. मोजणी दर गुरुवारी, कारण आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी पाच गावांच्या पाच तळ्यांवर सगळ्यांनी एकाच वेळी मोजायचं, म्हणजे इकडून उडालेला पक्षी तिकडे दुसऱ्यांदा मोजला जात नाही.

आणि बांधावरच्या खोलीत राहून तळ्याची राखण भिवाची. तळ्याचं पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीच्या तोंडाशी लाकडी फळ्या बसवलेल्या असतात. फळी काढली की तळ्याचं पाणी उतरतं, घातली की अडतं. त्या फळ्यांच्या कुलपाची किल्ली भिवाच्या करगोट्याला.

"भिवा!" मी ओरडले. "मोजपट्टीवर लाल खुणेच्या वर पाणी कसं गेलं?"

भिवा पन्नाशीचा, काटकुळा माणूस. चिखलाने माखून समोर उभा होता. "बाई, म्या फोन..."

"फोनचं कौतुक मला सांगू नकोस! पाणी कुठून आलं ते सांग."

"कारखान्याचं तर नाही," गुरुदत्त मागून म्हणाला. गुरुदत्त हा कारखान्याचा पर्यावरण अधिकारी. पस्तिशीचा, नीटनेटका, माझ्या हाताखाली शिकलेला. "बुधवारी रात्री दुसरी पाळी सुटली की आमचा पंप बंद होतो. मीटर बघा हवं तर, शून्य आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, भिवाचा भाऊ ज्योतीराम, त्याच्या विहिरीचा पाट याच तळ्यात उतरतो. आणि भिवाने तळ्यात मासे सोडलेत म्हणे. त्यांना पाणी जास्त लागतं."

माझं सुटलंच तोंड. "माशांसाठी चौतीस अंडी बुडवलीस? विश्वासाने किल्ली दिली तुला! चोर आहेस तू."

भिवाने करगोट्याची किल्ली सोडली, माझ्या हातावर ठेवली आणि खोलीकडे निघून गेला. खोलीच्या दारात त्याची मुलगी इंद्रायणी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

शनिवारी संध्याकाळी गावात बैठक ठरली. भिवाला ठेवायचं की काढायचं, एवढा एकच विषय. काढलं तर नोकरी जाणार, खोली जाणार, आणि गावात नाव जाणार ते वेगळंच.

२

घरी आले तरी पायांना स्वस्थता नव्हती. चहा केला, प्यायला विसरले.

सत्तावीस वर्षांची सवय. कारखान्यात काही बिघडलं की आम्ही पाच वेळा 'का' विचारायचो. माणसाचं नाव घेऊन थांबायचं नाही, खाली खाली जायचं. मी पाटी घेतली. बेट का बुडालं? पाणी चढलं म्हणून. पाणी का चढलं? इथे 'भिवा' असं लिहिणार तोच खडू थांबला.

मोरीला सकाळी तीन फळ्या होत्या. त्या मी पाहिल्या होत्या आणि तीनच असायला हव्या होत्या. गुरुवारी कारखान्याचं पाणी येत नाही, तळं आटू नये म्हणून बुधवारी संध्याकाळी तिसरी फळी घालायची, हा आमचा नेमच. आणि फळी पाणी अडवते, पाणी आणत नाही. अख्खं बेट बुडवणारं पाणी कुठून तरी यायला हवं होतं!

राहिला ज्योतीरामचा पाट. शुक्रवारी सकाळी ज्योतीरामच्या वस्तीवर गेले. तो घरी नव्हता. त्याची बायको रुक्मिणीबाई गोठा झाडत होती.

"मोटार चालू होती का बुधवारी रात्री?"

"कंची मोटार?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सोमवारी जळली की. चिखलीला नेलीया. हितं गुरांना पानी डोक्यावरनं आनतोय आमी, न् तुमी मोटार इचारताय व्हय?"

माझा विश्वास बसला नाही. स्वभाव. तशीच चिखलीला गेले. जळलेल्या मोटारींना नवी तार भरून देणारं पत्र्याचं दुकान. आत सांगाड्यांची रास. मालकाने वहीत बोट फिरवलं. "ज्योतीराम, पाझरवाडी. सोमवारी आली. ती बघा पडलीय. तांब्याची तार अजून यायचीय, मॅडम. त्यांना फोन करून सांगा ना जरा, आमचं उचलत नाहीत." आणि चिठ्ठीवर ज्योतीरामचा नंबर लिहून दिला.

चिठ्ठी पर्समध्ये कोंबली. मोटार उघडी पडली होती, तिच्यातून तार लोंबत होती. ज्योतीरामच्या विहिरीतून बुधवारी रात्री एक थेंबही आलेला नव्हता.

मग गुरुदत्तने ते नाव इतक्या पटकन कसं घेतलं?

३

दुपारी ताथवड्याला निमिषच्या कॉलेजात. निमिष तिथे शिकवतो, तळ्याच्या मोजणीचे सगळे तक्ते त्याच्याकडे. नेहमी तो पूर्वेच्या बांधावर बसतो. या गुरुवारी मात्र नाल्याच्या तोंडाशी बसणारा माणूस लग्नाला गेला होता, म्हणून निमिष तिथे बसला. नाल्याचं तोंड म्हणजे कारखान्याचं पाणी तळ्यात पडतं ती जागा.

त्याचा तक्ता पाहिला आणि मी त्याच्यावरच उखडले.

"सहा ते साडेसहा, नाल्याच्या तोंडाशी मोठे धोबी पाच, तुतवार चार, गायबगळे सहा! निमिष, हा तक्ता घरी बसून भरलास?"

"काय बोलताय मॅडम?"

"मागच्या सव्वीस गुरुवारांचे तक्ते काढ."

त्याने काढले. नाल्याच्या तोंडाशी दर गुरुवारी शून्य, फार तर एखादा बगळा. साहजिकच आहे. हे पक्षी तिथे येतात ते वाहत्या पाण्याबरोबर येणाऱ्या किड्यांसाठी. गुरुवारी पाणी बंद, किडे बंद, पक्षी कशाला येतील?

"म्हणजे मी खोटं लिहिलं?" निमिषचे कान लाल झाले. "खोटंच लिहायचं असतं तर मागचं बघून शून्य नसतं का टाकलं, आयतं? पाणी वाहत होतं तिथे. चांगलं घोट्याएवढं. मी तिथे पहिल्यांदाच बसलो, मला वाटलं रोजच वाहतं. बेट माझ्या जागेवरून दिसत नाही, लव्हाळं आडवं येतं. तुमची आरडाओरड झाली तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही कुणाला बोलू दिलंत?"

मी पुन्हा तक्त्याकडे वळले. पंधरा पक्षी साक्ष देत होते. गुरुवारी पहाटे, कारखाना बंद असताना, कारखान्याच्या नाल्यातून पाणी आलं होतं. आणि मीटर म्हणत होतं शून्य.

४

मोशीला पूर्वीच्या दवाखान्यात मागच्या खोलीत उबवणीची पेटी घरघरत होती. वनखात्याची परवानगी तिने गुरुवारीच घेतली होती. अकरा अंडी ओळीने ठेवलेली.

"सहा थंड पडलीत," ती म्हणाली. "पाचांत हालचाल आहे. पिल्लं बाहेर यायला आलेली होती ताई, दोन-चार दिवसांवर. म्हणून तर तरंगली. ताजी अंडी तळाला गेली."

मला हुंदका आला. पूर्वीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. भली पोर आहे.

"एक विचारू?" ती कोपऱ्यातला कापसाचा ढीग दाखवत म्हणाली. "अंड्यांवर हे काय होतं? पुसता पुसता वैताग आला."

कापसावर राखाडी, बुळबुळीत थर होता. मी बोटावर घेतला, चोळला. पाझरवाडीची माती काळी. तळ्याचा चिखल काळाकुट्ट, शेणासारखा. हा राखाडी गाळ मी ओळखत होते. सत्तावीस वर्षं असल्याच टाक्यांत वाकून बघत आले होते. कारखान्यात स्वच्छ केलेलं पाणी ज्या टाकीत साठतं, तिच्या तळाला हा बसतो.

मीटर असतं पंपावर. पण टाकीच्या बुडाला एक तोटी असते. टाकी धुवायची असली की ती उघडतात. पाणी आपोआप उताराने नाल्यात जातं. पंप नको, वीज नको, आणि मीटरला पत्ताही लागत नाही. टाकी धुता येते ती फक्त सुट्टीच्या दिवशी.

"गुरुदत्त," मी म्हणाले. "मेल्याने खरं मीटर दाखवून मला फसवलं."

५

शनिवारी सकाळी कासारवाडीला त्याच्या घरी धडकले. दार त्यानेच उघडलं. मी आत न जाताच बोलायला लागले.

"गुरुवारी पहाटे टाकीची तोटी कुणी उघडली?"

तो गोरामोरा झाला. त्याची आई, कुसुमताई, स्वयंपाकघरातून डोकावली. "कोण रे? चारुलताताई? बसा की."

"बसायला नाही आले, कुसुमताई."

"मी उघडायला लावली," गुरुदत्त म्हणाला. "चार वाजता. माणसं गाळ उपसायला सातला येणार होती, त्याआधी टाकी रिकामी हवी होती. बेटाचं लक्षातच नाही आलं, मॅडम. आल्यावर बघितलं, आणि माझी जीभच उचलेना."

"आणि गरिबावर ढकललंस! ज्योतीरामचं नाव तूच पुढे केलंस. लाज नाही वाटली? आज संध्याकाळी त्या माणसाच्या पोटावर पाय येतोय, कळतंय का?"

"कळतंय. दोन रात्री डोळा लागलेला नाही." तो आत गेला, मोबाइल घेऊन आला. "पण ही टाकी मी आपल्या मनाने नाही धुतली. वाचा."

मेसेज माझाच होता. मंगळवारचा. तळ्यात त्यांचं पाणी येतं म्हणून टाकीवर गटातर्फे माझीही नजर असते. 'सोमवारी प्रदूषण मंडळाची तपासणी. त्याआधी टाकी धुतलेली पाहिजे. तळाला बोटभर गाळ दिसला तरी मी शेरा मारीन. सबब ऐकणार नाही.'

मी दोनदा वाचलं. सोमवारच्या आत कारखाना बंद असा एकच दिवस होता, गुरुवार. आणि बुधवारी संध्याकाळी तिसरी फळी घालण्याचा नेमही माझाच.

शेवटी बसलेच. कुसुमताईंनी पाणी दिलं.

अजून एक 'का' उरत होता. भिवा तिथेच राहतो. पाणी चढताना त्याला दिसलं असणारच. किल्ली त्याच्याकडे. त्याने फळी का नाही काढली? त्याला विचारायचं तर त्याचा फोन महिनाभर बंद पडलेला. ज्योतीराम निरोप देईल असं वाटलं. पर्समधली चिठ्ठी काढली आणि नंबर लावला.

आकडे पुरे झाले तसं पडद्यावर आपोआप खाली उमटलं: याच नंबरावरून तीन मिस्ड कॉल. गुरुवार, पहाटे पाच दहा, पाच चौदा, पाच एकवीस.

गुरुवारी उठल्यावर ते मी बघितले होते. अनोळखी नंबर; पाळीवरचा कुणीतरी चुकून लावतोय असं म्हणून सोडून दिले होते. सातच्या आत मी फोन घेत नाही. सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या तोऱ्यात सांगते मी ते.

६

बैठकीआधी तळ्यावर गेले. भिवा नव्हता. खोलीत इंद्रायणी भांडी पोत्यात भरत होती. माझ्याकडे बघितलं नाही तिने.

भिंतीवर मी लावलेला तक्ता होता, प्लॅस्टिकमध्ये घातलेला, अक्षर माझं. बुधवारी संध्याकाळी तिसरी फळी घालणे. शुक्रवारी सकाळी काढणे. आणि सर्वांत खाली, लाल शाईने, दोनदा अधोरेखित: माझ्या परवानगीशिवाय फळीला हात लावू नये.

"बाबा पळत गेले व्हते काकांकडं," इंद्रायणी पाठमोरीच म्हणाली. "फोनसाठी. तुमी उचलला न्हाई. मग पाण्यात उतरून हातानं अंडी वर सरकवत बसले. एकटे. त्यांना म्हनलं फळी काढा, तर म्हनले, बाईंनी लिवलंय."

मी तक्ता भिंतीवरून काढला आणि तो हातात घेऊनच बैठकीला गेले.

शाळेच्या वर्गात वीसेक माणसं होती. माजी सरपंच अर्जुनराव मधे. त्यांच्या शब्दावर गावाने तळं आम्हाला दिलेलं. भिवा दाराबाहेर उकिडवा बसला होता. मी त्याला आत यायला सांगितलं. तो चौकटीपर्यंत आला.

फळ्यावर लिहीत गेले. बेट का बुडालं? टाकीचं पाणी आलं. टाकी गुरुवारी का सोडली? मेसेज. पाणी बाहेर का गेलं नाही? तिसरी फळी. ती का काढली नाही? परवानगी हवी होती. परवानगी का मिळाली नाही? फोन उचलला नाही.

"मेसेज माझा," मी म्हणाले. "फळीचा नेम माझा. परवानगीची अट माझी. फोनही माझाच. भिवाभाऊंनी सांगितलं तेवढं सगळं केलं, आणि न सांगितलेलंही केलं. मी त्यांना चौघांत चोर म्हणाले. ते सगळ्यांसमोर मागे घेते. माझं चुकलं, भिवाभाऊ. माफ करा मला."

मी खडू खाली ठेवला.

गुरुदत्त उठून उभा राहिला. "ज्योतीरामचं नाव मी घेतलं. ते खोटं होतं. मला माहीत होतं."

अर्जुनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई, लई तपास बघितले आमी. पोलीस हुडकत हुडकत स्वताच्याच घरात शिरल्याला आज बघितला." कुणी हसलं नाही. मग ते चौकटीकडे वळले. "भिवा, तुझं काय?"

मी किल्ली पुढे केली. भिवा तिच्याकडे बघत राहिला, घेतली नाही.

"अंडी किती ऱ्हायली?" त्याने विचारलं.

"पाच," पूर्वी म्हणाली.

"बरं. मंग त्या तक्त्याचं काय?"

मी लाल पेन काढलं. खालची ओळ खोडली. काय लिहायचं ते सुचेना, म्हणून पेन त्याच्याकडे दिलं. भिवाने बराच वेळ लावून, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: 'पानी लाल खुनेवर गेलं की फळी काडावी. मंग फोन करावा.'

तेव्हा त्याने किल्ली घेतली. माझ्याकडे मात्र न बघताच बाहेर गेला. इंद्रायणीने भांड्यांचं पोतं परत उघडलं की नाही, ते मला कळलं नाही.

७

पाचातली चार फुटली. पूर्वीने सोमवारी पिल्लं बांधावर आणली. कापसाच्या बोळ्याला काड्या लावाव्यात तेवढी. बेट पुन्हा उघडं पडलं होतं आणि दोन जोडप्यांनी नव्याने खड्डे उकरायला घेतले होते. भिवा दूर उभा राहून बघत होता. मी हात केला. त्याने मान हलवली, तेवढीच.

पुढच्या गुरुवारी पहाटे पाच दहाला फोन वाजला. भिवाचा नंबर; त्याचा फोन दुरुस्त झाला होता. उशाशीच ठेवला होता. पहिल्याच घंटेला उचलला.

"भिवाभाऊ! पाणी येतंय का?"

पलीकडून शेकाट्यांची किलबिल ऐकू आली.

"न्हाई बाई. पानी खुनेच्या खाली हाय. उचलताय का, त्येवढं बघितलं."